दुसरी वाटी उघडायची नसते

"काय निघालं?" मी विचारलं.

"गोड निघालं," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी बोटं चाटली.

मी त्यांच्या हातातला कागद घेऊन उजेडात धरला. पेढ्याचा तांबूस कण नाही की बर्फीचा पांढरा नाही. कागद धुतल्यासारखा स्वच्छ.

"अहो आत्या, आधी बघायचं. मग मला सांगायचं. मी पाटीवर लिहिणार. खायचं सगळ्यात शेवटी."

"एवढं ध्यानात ऱ्हात न्हाई या वयात. परत एकदा दाव."

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. माझ्या सासूचं नाव हौसाबाई, आणि नाव ठेवणाऱ्यानं अगदी बघून ठेवलं होतं. साठी उलटलेली, अंगानं गरगरीत, आवाज असा की परसातून हाक मारली तर एस.टी. स्टँडवरची माणसं वळून बघत. रहिमतपुरात त्यांच्याशिवाय कुणाचं लग्न लागत नसे की बारसं होत नसे. दोन वर्षांपूर्वी साखरेचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी गोड बंद केलं. तेव्हापासून घरातला साखरेचा डबा माझ्या ताब्यात होता. आणि आज मीच त्यांच्यापुढं मिठाईचा डबा उघडून बसले होते. सहा कंदी पेढे, सहा खव्याच्या बर्फ्या. सगळे बोराएवढे, मीच तोडून केलेले. नुसते ठेवले तर पेढा हाताला गोल लागतो आणि बर्फी चौकोनी, म्हणून प्रत्येकाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला.

कारण मला आत्यांना संभाव्यता शिकवायची होती, आणि तीही उद्याच्या आत.

उद्या रोहिणीचं डोहाळजेवण होतं. रोहिणी माझी धाकटी जाऊ, पहिलटकरीण, सातवा महिना. आमच्या घरात तोवर चार नाती झाल्या होत्या: दोन माझ्या, दोन नणंदेच्या. नातू एकही नाही. त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक बाईनं आपापलं गणित मांडून ठेवलं होतं. चार मुली झाल्या, म्हणजे आता मुलगाच. दळण घेऊन गेलं की गिरणीत तेच, नळावर तेच. रोहिणीला बघितलं की बायका तिच्या पोटाकडं बघून हसत आणि म्हणत, "आला का आमचा बाळराजा?" ती बिचारी कसंनुसं हसायची.

त्या दिवशी सकाळी ती मेथी निवडता निवडता थांबली. म्हणाली, "ताई, उद्या माझ्या हातात बर्फी आली तर?"

"तर काय? खायची."

"आणि पेढा आला आणि पुढं मुलगी झाली तर?"

मी मेथीच्या काड्या गोळा केल्या.

आमच्याकडं डोहाळजेवणात ताटात दोन वाट्या पालथ्या ठेवतात. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. गरोदर बाईनं एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गंमत असते सगळी. पण गल्लीत चंदाकाकी होत्या, आणि चंदाकाकींनी ठेवलेली वाटी कधी चुकत नाही असा त्यांचा लौकिक होता. लौकिक त्यांनी स्वतःच सांभाळला होता. जिथं वाटी बरोबर निघाली ती घरं त्यांना तोंडपाठ होती. जिथं चुकली तिथं एक तर बाईनं डावा हात लावला होता, नाहीतर त्या दिवशी अमावास्या लागली होती. माझ्या वेळी पेढा निघाला आणि मेघना झाली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "वाटीवर मन नव्हतं पोरीचं. पुस्तकात होतं."

पुस्तकात होतं हे मात्र खरं. बारावी झाली आणि माझं लग्न झालं. नवऱ्याची कॉलेजची पुस्तकं माळ्यावर उंदीर खात होते, ती मी खाली काढली. स्वयंपाक झाला की एक एक धडा वाचायचा, नाही कळला तर परत वाचायचा. सगळ्यात जास्त छळलं ते संभाव्यतेनं. पण एकदा कळल्यावर मला जो आनंद झाला, तो मी कुणाला सांगणार? नवरा म्हणाला, "बरं." पुढं मी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या आणि तिथं सांगायला लागले.

आत्यांना नातू हवा आहे, असं सगळे म्हणत. आत्या स्वतः काही म्हणत नसत, पण नाहीही म्हणत नसत. मला वाटलं, निदान या एका बाईच्या डोक्यातून 'आता मुलगाच' निघालं, तर उद्या रोहिणी निवांत वाटी उचलेल. म्हणून जेवणं झाल्यावर, रोहिणी आत पडलेली बघून, मी डबा घेऊन बसले.

"हे बघा आत्या. डब्यात पेढे निम्मे, बर्फ्या निम्म्या. डोळे मिटून हात घातला तर पेढा यायची शक्यता किती?"

"मला काय म्हाईत?"

"निम्मी."

"निम्मी म्हंजे? अर्धा पेढा आन् अर्धी बर्फी?"

"नाही हो. एक तर अख्खा पेढा, नाहीतर अख्खी बर्फी. कुठलं येईल ते आधी सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई, हे मला बी म्हाईत व्हतं. त्यासाठी तू माळ्यावरची पुस्तकं वाचलीस?"

"एकदाचं सांगता येत नाही. पण पुष्कळदा काढलं तर कळतं. शंभर वेळा काढा, साधारण पन्नास पेढे निघतील."

"शंभर? आण की मग! बसूया."

शंभर काही मी आणले नाहीत. आत्यांनी हात घातला, बर्फी. खाल्ली. पुन्हा हात, बर्फी. खाल्ली. तिसऱ्यांदाही बर्फी. तीही गेली. मग पदरानं तोंड पुसून त्या विजयी मुद्रेनं म्हणाल्या, "बघ, आता पेढा येनार. लई बर्फ्या झाल्या."

आणि त्या बरोबर म्हणत होत्या! मी डब्यातले कागद उकलून मोजले आणि परत गुंडाळले. बर्फ्या उरल्या होत्या तीन आणि पेढे पाच. म्हणजे तो पहिला, चाटूनपुसून खाल्लेला, पेढा होता. आठातले पाच पेढे. पेढ्याचीच शक्यता जास्त.

"बरोबर आहे तुमचं," मी नाइलाजानं म्हणाले.

"मग! मी काय येडी हाय?" त्यांनी ऐटीत हात घातला, कागद उलगडला, आणि त्यांचा चेहरा पडला. पुन्हा बर्फी.

"शक्यता जास्त म्हणजे खात्री नव्हे," मी म्हणाले.

"मग कशाला म्हनलीस बरोबर हाय? फशीवलंस मला," असं म्हणून त्यांनी तीही खाल्ली.

एव्हाना मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, आपली सासू मुद्दाम ढ होऊन मिठाई खाते आहे. आणि दुसरी, जास्त मोलाची, म्हणजे सगळी गल्ली कुठं चुकते आहे. बायका वेड्या नव्हत्या. खायच्या डब्याचा हिशेब त्यांनी पोटाला लावला होता.

"आता दुसरा डाव," मी म्हणाले. खाल्लेल्यांच्या जागी दुसरे ठेवले, पुन्हा सहा-सहा केले. "आता काढायचं, बघायचं, आणि परत गुंडाळून डब्यात ठेवायचं. खायचं नाही."

"मग ह्यात मजा काय ऱ्हायली?"

"मजा नाही. अभ्यास आहे."

आत्यांनी तोंड वाकडं करत काढलं. बर्फी. परत ठेवली. मी डबा हलवला. पुन्हा काढलं. बर्फी. परत ठेवली.

"आता?" मी विचारलं. "आता पेढा यायची शक्यता वाढली?"

त्या उत्तर देणारच होत्या, पण थांबल्या. डब्यात डोकावल्या. बोटानं कागद इकडं तिकडं केले. "काय बी गेलंच न्हाई की ह्यातनं," त्या सावकाश म्हणाल्या. "हाय तेवढंच हाय."

"मग शक्यता किती?"

"हाय तेवढीच. निम्मी." आणि मग माझ्याकडं न बघता, "शैला, पोट कुठल्या डब्यासारखं गं? खायच्या का परत ठेवायच्या?"

माझ्या शिकवणीतल्या एकाही मुलानं मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

"परत ठेवायच्या, आत्या. प्रत्येक वेळी डबा भरलेला. आधी कुणाला काय झालं, ते त्याला ठाऊकच नसतं."

"म्हंजे ह्या आपल्या चार पोरी मोजायच्याच न्हाईत?"

"मोजायच्या, पण कौतुकाला. हिशेबाला नाही."

आत्यांनी एका हाताची चार बोटं मिटली आणि परत उघडली. मग त्यांनी डब्याचं झाकण हातात घेतलं आणि अगदी सहज, वरणात मीठ पुरेसं आहे का असं विचारावं तसं विचारलं, "आन् दोनी वाट्यांखाली पेढाच ठिवला तर?"

"तर शंभर टक्के पेढा. कुठलीही उचला."

"शंभर टक्के. म्हंजे देवाला बी बदलता येनार न्हाई?"

"नाही. पण त्याचा उपयोग काय आत्या? वाटीत काय आहे आणि पोटात कोण आहे, यांचा काही संबंध नाही."

"हां हां. ते कळलं मला," म्हणत त्या उठल्या. उठता उठता डब्यातला एक कागद त्यांच्या मुठीत गेला, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. हे मी काय शिकवून बसले! उद्या ही बाई दोन्ही वाट्यांखाली पेढे ठेवणार. पेढा निघणार, गल्ली नाचणार, दोन महिने त्या पोटाला बाळराजा म्हणणार. आणि मग मुलगी झाली तर? ते घर मला माहीत होतं. मी त्यात राहून आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून बायकांनी घर भरलं. झोपाळ्याला झेंडूच्या माळा, रोहिणीच्या अंगावर हिरवी साडी, हिरवा चुडा, आणि नखशिखांत मोगऱ्याचे दागिने. तिला उभं राहवत नव्हतं, पण हातात धनुष्य देऊन फोटो काढल्याशिवाय कुणी बसूही देईना. चंदाकाकी नऊवारी नेसून आल्या. देवघरात दार लोटून त्यांनी वाट्या पालथ्या घातल्या, ताट तिथंच देवापुढं ठेवलं आणि उंबऱ्यात बसून राहिल्या. मी दोनदा गेले. एकदा म्हणाले उदबत्ती हवी आहे, एकदा म्हणाले निरांजन.

"तुझं काय काम आहे देवघरात?" चंदाकाकी म्हणाल्या. "तुला काही पटतं का यातलं? तू जा, भजी तळ."

मी भजी तळायला गेले. थोड्या वेळानं माजघरातून आत्यांचा आवाज आला, "चंदे, तुझी साडी फाटली की गं मागनं!" पाठोपाठ चंदाकाकींची किंकाळी आणि बायकांची धावपळ. मी झारा तसाच टाकून देवघराकडं पळाले. आत्या देवघरातून बाहेर पडत होत्या. एक हात पदराखाली, आणि ओठांच्या कोपऱ्यात तांबूस कण. पेढ्याचा.

"आत्या!" मी हळूच म्हणाले. "काय केलंत?"

"पाया पडले देवाच्या," त्या म्हणाल्या. "तुझी भजी करपली."

भजी खरंच करपली होती. चंदाकाकींची साडी कुठंही फाटलेली नव्हती.

मग ओटी भरली, गाणी झाली, आणि शेवटी ताट आलं. बायका एकमेकींच्या खांद्यावरून पुढं वाकल्या. पोरीबाळी झोपाळ्याखाली शिरल्या. माझी मेघना सगळ्यांत पुढं, डोळे विस्फारून. रोहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी हसले, पण ते हसू मला मेथी निवडताना सुचलेल्या उत्तराइतकंच जमलं असणार.

"उजवा हात गं," चंदाकाकी म्हणाल्या. "आणि मन लाव."

रोहिणीचा हात पहिल्या वाटीवर गेला, तिथून दुसरीवर गेला. परत पहिलीवर आला. मनात म्हटलं, बाई, कुठलीही उचल, ठरलेलं आहे. तिनं डोळे मिटले आणि वाटी उचलली.

बर्फी.

पांढरीशुभ्र, वर पिस्त्याचा काप.

एक म्हातारी "बरं, बरं, देवाची इच्छा" असं पुटपुटायला लागली होती. तेवढ्यात आत्यांनी कोपऱ्यातली परात उचलली आणि तिच्यावर असा हात मारला की झोपाळ्याखालच्या पोरी दचकून बाहेर आल्या.

"बर्फी! आगं बया, बर्फी आली माझी! चंदे, ऊठ! ऊठ म्हंते ना!"

आणि साखरेचं दुखणं असलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या माझ्या सासूनं चंदाकाकींचे दोन्ही हात धरून फुगडी सुरू केली. चंदाकाकी "अगं हौसा, अगं मी पडेन" म्हणून ओरडत होत्या आणि फिरत होत्या. पोरींनी टाळ्या धरल्या. मग नणंद उठली, मग शेजारच्या बायका, मग ती देवाची इच्छा म्हणणारी म्हातारीसुद्धा बसल्या जागी हात फिरवायला लागली. मोगरा इतका उधळला गेला की दुसऱ्या दिवशी तो मला डाळीत सापडला. रोहिणी झोपाळ्यावर बसून हसत होती, इतकी हसत होती की तिनं पोट धरलं, आणि सगळ्या बायका घाबरून एकदम थांबल्या.

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "आत मारलं जोरात."

"ती बी नाचतीय!" आत्या धापा टाकत म्हणाल्या. बर्फीचा अर्धा तुकडा त्यांनी रोहिणीच्या तोंडात घातला, अर्धा स्वतःच्या. कुणी काही म्हणायच्या आत.

मी ताटाकडं वाकले. दुसरी वाटी अजून पालथीच होती. मी तिला हात लावणार, इतक्यात आत्यांची थाप माझ्या मनगटावर पडली.

"दुसरी वाटी उघडायची नसती."

"कुणी सांगितलं?" चंदाकाकींनी विचारलं. "मी तर नेहमी उघडते."

"माझ्या सासूनं सांगितलं. म्हनून तर तुझ्या चुकतात."

"माझ्या कधी चुकतात?"

हा वाद पुढं सोळा बायकांत पसरला, आणि आत्या ताट घेऊन स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी मागोमाग गेले आणि दार लोटलं. आत्यांनी स्वतःच वाटी उचलली. खाली बर्फी.

"शंभर टक्के," त्या म्हणाल्या. "तूच शिकीवलंस."

"आणि इथला पेढा?"

"खाल्ला. त्यो काय टाकून देनार?"

मला हसावं की काय करावं ते कळेना. "पण बर्फी का? मला वाटलं, तुम्ही पेढेच ठेवणार."

आत्या ओट्याला टेकल्या. फुगडीनं अजून धाप लागलेली होती. "तुझ्या वेळी पेढा निघाला व्हता," त्या म्हणाल्या. "दोन म्हयने सगळी नाचलो आमी. मी तर नातवाच्या हातात घालायला सोन्याची बिंदली करायला टाकली हुती. आन् मग मेघी झाली. मी दवाखान्यात आले, तवा तू पोरीकडं बघत नव्हतीस, शैला. माझ्या तोंडाकडं बघत हुतीस."

बाहेर वाद रंगात आला होता. अमावास्येपर्यंत पोचला होता.

"आज हिला पेढा आला असता, तर पुढं हिनं बी माझ्याच तोंडाकडं बघितलं असतं. आता बर्फी निघाली, नाचून झालं, आता कोन कशाला बघंल?" त्यांनी पदरानं गळ्याचा घाम पुसला. "मला कवापासनं तुला इचारायचं हाय. मी कसं तोंड केलं हुतं गं तवा?"

इतक्या वर्षांत कुणी मला ते विचारलं नव्हतं. मी खोटं सांगू शकले असते.

"तुम्ही खिडकीकडं बघितलंत," मी म्हणाले.

"किती येळ?"

"थोडाच. मग घेतलंत तिला."

आत्यांनी मान हलवली. "तेवढा बी नगं व्हता," त्या म्हणाल्या. मग दुसरी बर्फी उचलून त्यांनी ती बरोबर मधून मोडली आणि निम्मी माझ्या तोंडात घातली.

दोन महिन्यांनी सकाळी रोहिणीला दवाखान्यात नेलं. मी डबा भरून आत्यांना हाक मारायला गेले, तर त्या आरशापुढं उभ्या. हसत होत्या. मग हसू पुसून पुन्हा हसत होत्या.

"आत्या, हे काय चाललंय?"

"असं बरं दिसतंय का गं?"

"दात जरा जास्त दिसतायत."

"मग असं?"

"हे चांगलं आहे. पण हे मुलीला का मुलाला?"

"दोनीला एकच," त्या आरशात बघत म्हणाल्या. "शंभर टक्के."

दवाखान्यात चंदाकाकी आमच्याआधीच येऊन बसल्या होत्या. त्यांच्या वाटीची इज्जत पणाला लागली होती. आत्या बाकावर मधोमध बसल्या आणि बसल्याबरोबर त्यांनी ते हसू चढवलं. माणसं येत होती, जात होती. एक कंपाउंडर ओळखीचं कुणी असावं म्हणून त्यांना नमस्कार करून गेला. मी दोनदा म्हणाले, "आत्या, अजून वेळ आहे, गाल दुखतील." त्यांनी ऐकलं नाही.

शेवटी नर्स बाहेर आली. आत्यांकडं बघून ती बिचारी गोंधळली. "आजी, मी अजून काही सांगितलंच नाही."

"मग सांग की," आत्या म्हणाल्या. चेहरा तसाच.

"मुलगी झाली."

"बघा!" चंदाकाकी बाकावरून उडाल्या. "माझी वाटी! कधी चुकली आहे का माझी वाटी?"

आत्यांनी पदराआडून मला असा चिमटा काढला की मला ओरडायला झालं. "निम्मी," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या. "निम्म्यात एवढी मिजास." पण खरं काय ते त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं, आणि पुढंही कधी आलं नाही. चंदाकाकींना त्यानंतर शेजारच्या गावांतून बोलावणी यायला लागली, आणि आमच्या गल्लीत आजही कुणी दुसरी वाटी उघडत नाही.

नर्सनं हलक्या आवाजात मला विचारलं, "आजींना कमी ऐकू येतं का हो?"

"नाही," मी म्हणाले. "चांगलं येतं."

आम्ही आत गेलो. खाटेच्या उजव्या हाताला खिडकी होती, चांगली मोठी, सताड उघडी, आणि बाहेर गुलमोहर फुललेला. आत्यांनी पोरीला उचलून घेतलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. रोहिणी पोरीकडं बघत होती.